गडवाटांवरील जबाबदारी : सह्याद्रीतील गिरिभ्रमणाच्या सुरक्षिततेचा इतिहास

सह्याद्रीतील गडांवर जाणाऱ्या वाटा अवघड का आहेत, या प्रश्नाचे उत्तर केवळ भूगोलात शोधून चालत नाही, कारण त्यांतील पुष्कळ वाटा माणसांनी समजून-उमजून अवघड केलेल्या आहेत. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लिहिल्या गेलेल्या आज्ञापत्रात दुर्गांविषयी जे प्रकरण आहे, त्यात गडाकडे येणारा मार्ग सुगम नसावा, असलाच तर तो मोडून त्यावर झाडी वाढवावी आणि परक्या फौजेला कठीण जाईल अशा दुसऱ्या अंगाने वाट घालावी, असा स्पष्ट उपदेश आहे. त्याच प्रकरणात एकच दरवाजा असणे हा गडाचा मोठा दोष मानलेला असून, प्रसंगी बाहेर पडता यावे म्हणून एकाहून अधिक दरवाजे आणि चोरदिंड्या, म्हणजे तटाच्या आडोशाने काढलेले लहान गुप्त मार्ग, ठेवण्यास सांगितले आहे. आज शाळा-महाविद्यालयांतील मुलामुलींचे गट सुट्टीच्या दिवशी ज्या वाटांनी गड चढतात, त्या वाटांचा मूळ हेतू अनोळखी माणसाला दमवणे, चुकवणे आणि मध्येच उघड्यावर गाठणे हा होता. दरवाजाआधीचे काटकोनी वळण, एका हाताला सरळ दरी असलेली अरुंद पायवाट, गुडघ्याएवढ्या उंचीच्या कातळकोरीव पायऱ्या, या रचना दुर्गशास्त्राच्या दृष्टीने कौतुकास्पद आहेत. दप्तराएवढी पिशवी पाठीवर घेतलेल्या पंधरा वर्षांच्या मुलासाठी त्या धोक्याच्या जागा आहेत, आणि गिरिभ्रमणाच्या सुरक्षिततेचा विचार या ऐतिहासिक वस्तुस्थितीपासून सुरू व्हायला हवा.

ही अवघड वाट ज्यांना अवघड नव्हती, अशी माणसे मात्र गडाभोवती मुद्दाम वसवलेली असत. गडाच्या सभोवतालच्या परिसराला घेरा म्हणत आणि घेऱ्यातील मोक्याच्या ठिकाणी असलेल्या पहाऱ्याच्या चौक्यांना मेटे म्हणत. सिंहगडाच्या पायथ्याचे घेरा सिंहगड हे गाव त्या व्यवस्थेची खूण म्हणून अजून नांदते आहे. मेटांवर कोळी, रामोशी, महार, बेरड अशा समाजांतील माणसे पिढ्यान् पिढ्या नेमलेली असत आणि त्या चाकरीच्या बदल्यात त्यांना जमीन किंवा वतन मिळे. कोणती नाळ, म्हणजे दोन डोंगरसोंडांमधली दगडधोंड्यांनी भरलेली उभी घळ, पावसाळ्यात बंद होते, कोणत्या टाक्याचे पाणी चैत्रापर्यंत टिकते, कोणता कातळ ओला असताना पाय ठरू देत नाही, हे त्यांना ठाऊक असणे हा त्यांच्या कामाचाच भाग होता, आणि ज्ञानाबरोबर गडावर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. रायगडावरील हिरकणीची कथा ही दंतकथा असली, तरी तिच्यातील एक तपशील या संदर्भात महत्त्वाचा आहे. दिवेलागणीनंतर दरवाजे बंद झाल्यामुळे तान्ह्या मुलासाठी कडा उतरून गेलेल्या गवळणीचा सन्मान झाला, पण ती ज्या जागेवरून उतरली त्या जागी बुरूज उभारून ती वाट कायमची बुजवली गेली, असे कथा सांगते. धाडसाचा गौरव करणे आणि त्या धाडसाची पुनरावृत्ती होऊ न देणे या दोन गोष्टी लोकमानसाने एकाच कथेत एकत्र सांभाळल्या, ही बाब पुढील काळातील अनेक मोहिमांच्या आयोजकांना सुचली नाही.

१८१८ मध्ये मराठी राज्य संपल्यावर कंपनी सरकारच्या सैन्याने एकामागून एक गड ताब्यात घेतले आणि ते पुन्हा बंडाचे आश्रयस्थान होऊ नयेत म्हणून त्यांपैकी अनेकांच्या वाटा, दरवाजे आणि तट सुरुंग लावून पाडले. इगतपुरीच्या आग्नेयेकडील अलंगच्या माथ्याजवळच्या पायऱ्या अशाच उडवल्या गेल्या. त्या तुटलेल्या कातळटप्प्यावर आजही दोर लावावा लागतो, आणि अलंग-मदन-कुलंग ही तीन गडांची फेरी सह्याद्रीतील अत्यंत कठीण भटकंतींमध्ये गणली जाते ती मुख्यतः या विध्वंसामुळे. जुन्नरजवळच्या जीवधनावर जातानाही उद्ध्वस्त पायऱ्यांची अशीच जागा पार करावी लागते. परंतु मोडलेल्या पायऱ्यांपेक्षा मोडलेली व्यवस्था अधिक दूरगामी ठरली. मेटे उठली, चाकऱ्या संपल्या, वतने हळूहळू अर्थहीन झाली. वाटांचे ज्ञान मात्र गुराख्यांकडे, कड्यांवरील मध काढणाऱ्यांकडे, कोकणातून देशावर ओझी वाहणाऱ्यांकडे आणि डोंगराच्या पदरात राहणाऱ्या महादेव कोळी, ठाकर, कातकरी आणि धनगर वस्त्यांकडे शिल्लक राहिले. गडावर कोण गेला, कधी उतरला आणि उतरला की नाही, याची विचारपूस करणे हे आता कोणाचेच काम उरले नाही. सह्याद्रीतील सुरक्षिततेच्या इतिहासातील ही पहिली आणि सर्वांत मोठी फूट होय, कारण तेव्हापासून जाणकार एकीकडे आणि जबाबदार दुसरीकडे, अशी जी स्थिती निर्माण झाली ती आजतागायत पूर्णपणे सुधारलेली नाही.

नव्या प्रकारचा गडयात्री एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतो. १८९५ मध्ये लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने रायगडावरील शिवसमाधीच्या जीर्णोद्धाराची चळवळ सुरू झाली, पुढच्याच वर्षी गडावर उत्सव भरला आणि गड पाहणे हे राष्ट्रीय शिक्षणाचे अंग मानले जाऊ लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी चिंतामण गंगाधर गोगटे यांनी महाराष्ट्रातील किल्ल्यांची माहिती पुस्तकरूपाने मराठीत आणली. पुढे गो. नी. दांडेकरांनी (१९१६–१९९८) आयुष्यभर गड पायाखाली घातले, तरुणांना सोबत नेले आणि आपल्या लेखनातून पुढच्या दोन-तीन पिढ्यांना डोंगराची ओढ लावली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली आणि त्यानंतर हळूहळू डोंगरपायथ्याची गावे तालुक्याशी जोडली गेली, तेव्हा मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्याला शनिवारी संध्याकाळी मुक्कामाच्या गाडीने गावात उतरून रविवारी रात्री घरी परतणे शक्य झाले. मुक्कामाची गाडी म्हणजे जी रात्री शेवटच्या गावी थांबते आणि पहाटे परत फिरते ती गाडी. डोंगरभटक्यांच्या अनेक पिढ्यांचे वेळापत्रक तिने ठरवले.

या काळातील मुलांचे गट आजच्या मानाने अत्यंत अपुऱ्या सामानानिशी डोंगरात जात. कॅनव्हासचे हंटर बूट, खांद्याला लावलेली शबनम किंवा लष्करी बाजारातून आणलेली पाठपिशवी, एखादा कंदील किंवा विजेरी, शिधा आणि पातेले एवढ्यावर त्यांचे भागे. तरीही त्या पद्धतीत एक संरक्षण आपोआप अंतर्भूत होते. गट रात्री देवळात किंवा शाळेच्या पडवीत झोपे, एखाद्या घरी पिठले-भाकरी सांगे आणि सकाळी गावातला एखादा पोरगा किंवा म्हातारा वाटाड्या म्हणून बरोबर घेई. किती जण वर गेले, कोणत्या बाजूने गेले आणि कोणत्या वेळेपर्यंत उतरायला हवेत, हे त्यामुळे गावाला ठाऊक असे. अंधार पडूनही कोणी उतरले नाही, तर गावातील चार माणसे पलिते किंवा बॅटऱ्या घेऊन निघत. त्याची नोंद कोठे होत नसे आणि त्याचा मोबदलाही बहुधा मिळत नसे. जुलै १६६० मधील शिवछत्रपतींच्या पन्हाळ्याहून विशाळगडाकडे झालेल्या प्रयाणाच्या स्मरणार्थ दरवर्षी ऐन पावसाळ्यात निघणाऱ्या पन्हाळा-पावनखिंड मोहिमांतही शेकडो तरुण चिखल, ओढे आणि धुके तुडवत चालतात, ते वाटेवरील वाड्या-वस्त्यांच्या आधारावर; या वस्त्या नसत्या तर ही परंपरा टिकणे कठीण होते.

१९५३ मध्ये एव्हरेस्ट सर झाले आणि १९५४ मध्ये दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट स्थापन झाली, हा भारतीय गिर्यारोहणातील संस्थात्मक प्रशिक्षणाचा आरंभ मानला जातो. त्याच १९५४ साली मुंबईत गिरिविहार ही संस्था सुरू झाली, १९६५ मध्ये उत्तरकाशीला नेहरू गिर्यारोहण संस्था उभी राहिली आणि या दोन हिमालयीन संस्थांत शिकून आलेल्या महाराष्ट्रातील तरुणांनी दोर, गाठी, बिले आणि रॅपलिंग ही तंत्रे सह्याद्रीच्या कातळावर आणली. बिले म्हणजे चढणाऱ्याच्या कमरेचा दोर दुसऱ्याने पक्क्या आधाराशी जोडून सतत नियंत्रणात ठेवणे, आणि रॅपलिंग म्हणजे दोरावरील घर्षणाच्या साहाय्याने कडा उतरणे. या संस्थांच्याही आधी, १९४९ मध्ये, यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली होती. ज्या जागतिक चळवळीची ती शाखा होती, तिचा जन्मच मुलांच्या सहलीवरील एका संकटातून झाला होता, हे येथे सांगायला हवे. १९०९ च्या ऑगस्टमध्ये रिखार्ड शिरमान हे जर्मन शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांसह पायी निघाले असता वादळी पावसात सापडले, एका शाळेच्या इमारतीत रात्रीपुरता आसरा मिळाला आणि सुट्टीत रिकाम्या राहणाऱ्या शाळा चालणाऱ्या मुलांसाठी उघड्या ठेवाव्यात, ही कल्पना त्यांना सुचली. मुलांना घेऊन निघालेल्या प्रौढाने रात्रीच्या आसऱ्याची तरतूद आधी करावी, हा या चळवळीचा पाया होता.

प्रशिक्षणाबरोबर लीडर नावाची एक नवी भूमिका महाराष्ट्राच्या डोंगरात आली, आणि १९६० ते १९९० या तीन दशकांत मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर येथील संस्थांनी या भूमिकेभोवती जी अलिखित शिस्त घडवली ती या इतिहासातील सर्वांत मोलाची गोष्ट आहे. रांगेच्या पुढे वाट माहीत असलेला एक आणि सर्वांत मागे अनुभवी असा दुसरा; मागच्याच्या पुढेच सगळ्यांनी राहायचे आणि रांगेचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याने ठरवायचा. प्रत्येक फाट्यावर, म्हणजे वाट दुभंगते त्या ठिकाणी, पुढच्याने थांबायचे, मागचा दिसेपर्यंत हलायचे नाही आणि डोकी मोजूनच पुढे निघायचे. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या मुरमाच्या आणि वाळल्या गवताच्या उतारावर, एका वेळी एकानेच जायचे; नाळेतून उतरताना कोणाच्या पायाखालचा धोंडा सुटला तर सुटलेल्या क्षणी ‘दगड!’ अशी आरोळी ठोकायची आणि खालच्यांनी वर न पाहता कातळाला बिलगायचे. वर पाहण्याची इच्छा अनावर असते आणि चेहऱ्यावर दगड बसण्याचे ते एक मुख्य कारण आहे, म्हणून नवख्यांकडून ही कृती सपाटीवर आधी करून घेतली जाई. कातळटप्प्यावर तीन आधारांचा नियम पाळला जाई: दोन हात आणि दोन पाय यांपैकी एका वेळी एकच सुटा करायचा, उरलेले तीन पक्के ठेवायचे. या साऱ्यापेक्षा कठीण असा एक नियम मात्र फार थोड्या लीडरांना पूर्णपणे साधला, आणि तो म्हणजे परत फिरण्याची वेळ घरून निघण्यापूर्वी ठरवणे आणि माथा समोर दिसत असतानाही ती पाळणे. सुटणारी एसटी, जमलेला उत्साह आणि पुन्हा रजा न मिळण्याची भीती या तिन्ही गोष्टी त्या नियमाच्या विरुद्ध काम करतात.

ही शिस्त परदेशी पुस्तकांतून जशीच्या तशी घेता येणारी नव्हती, कारण सह्याद्रीची घडणच निराळी आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेलेल्या लाव्हाच्या थरांपासून हा डोंगर बनलेला असल्याने त्याचा उतार सलग नसतो. उभा कातळकडा, मग आडवा पदर, पुन्हा कडा अशी त्याची रचना असते आणि दोन थरांमध्ये अनेकदा ठिसूळ मातीचा तांबूस पट्टा असतो, जेथे दगड सहज सुटतात. जगातील अनेक डोंगरांत वाट चुकल्यास पाण्याच्या प्रवाहाबरोबर खाली उतरावे, वस्ती सापडते, असे सांगितले जाते. सह्याद्रीत हा सल्ला प्राणघातक ठरतो. येथील ओढा काही अंतर सौम्यपणे उतरतो, नंतर दोन-चार पुरुष उंचीचा टप्पा येतो जो उतरता येतो पण पुन्हा चढता येत नाही, आणि त्याच्या पुढे पाणी थेट कड्यावरून कोसळते. वाट चुकलेला गट अशा रीतीने मागे आणि पुढे दोन्हीकडून कोंडला जातो. सह्याद्रीत हरवलेल्यांचा शोध घेणारी पथके माणूस शेवटचा जेथे दिसला तेथून खाली जाणाऱ्या घळी आधी तपासतात, त्यामागे हाच अनुभव आहे. चुकल्याचे लक्षात येताच वरच्या धारेकडे, जेथून परिसर दिसतो आणि आवाज पोहोचतो अशा उघड्या जागी परत जावे किंवा तेथेच थांबावे, हा नियम जुन्या संस्था नवख्यांना पहिल्याच भटकंतीत सांगत.

पावसाचे गणितही असेच स्थानिक आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांत पडतो. कातळावर मातीचा थर पातळ असल्याने पाणी मुरत नाही आणि सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा माथ्यावरील एका सरीने तासाभरात छातीएवढा होतो. म्हणून पावसाळी भटकंतीत जाण्याच्या वाटेपेक्षा परतीच्या वाटेवरील ओढे मोजावेत, असा जाणत्यांचा आग्रह असतो. उन्हाळ्यात याच्या उलट संकट येते: फाल्गुनानंतर बहुतेक टाकी आटतात किंवा पाणी पिण्यायोग्य राहत नाही, आणि बेसॉल्टचा काळा कातळ दुपारी इतका तापतो की उष्माघात हा दरीइतकाच मोठा धोका ठरतो. आग्या मोहोळाची गोष्ट तर मराठी वाचकाला वेगळी सांगायला नको. ‘जैत रे जैत’ या कादंबरीतील ठाकराचा डोळा ज्या माशीने घेतला, तीच मोठी रानमाशी गडांच्या कड्यांना मोहोळे करते, आणि चुलीचा धूर, उग्र अत्तर, फटाके किंवा आरडाओरडा यांनी ती उठली, तर अरुंद वाटेवर पळणाऱ्यांची चेंगराचेंगरी डंखांइतकीच घातक ठरते. गडावर शेकोटी कोठे पेटवावी आणि कोठे पेटवू नये, हे वाटाड्याला विचारल्यावाचून ठरवू नये, असा संकेत यामुळेच रूढ झाला होता.

नकाशांबाबत महाराष्ट्रातील भटक्यांची अडचण विशेष होती. भारतीय सर्वेक्षण विभागाचे समोच्च रेषांचे सविस्तर नकाशे सीमेलगतच्या आणि सागरकिनाऱ्यालगतच्या सुमारे ८० किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यासाठी प्रतिबंधित होते आणि सह्याद्रीची मुख्य रांग नेमकी त्या पट्ट्यात येते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने ही बंधने सैल होईपर्यंत सामान्य विद्यार्थ्याला असा नकाशा सरळ मार्गाने मिळत नसे. ती उणीव हरीश कपाडिया यांच्या १९७७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रेक द सह्याद्रीज’ या इंग्रजी मार्गदर्शिकेने, आनंद पाळंदे यांच्या ‘डोंगरयात्रा’ने आणि प्र. के. घाणेकर यांच्या लेखनाने बऱ्याच अंशी भरून काढली. पुस्तकातील वाट मात्र लिहिणारा गेला त्या ऋतूची असते. कारवीचे रान सात-आठ वर्षांत वाट गिळते, दरड तिला तोडते, आणि छापील वर्णनावर विसंबून निघालेल्या गटाला गावातील माणसाची गरज पूर्वीइतकीच राहते.

एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हे चित्र वेगाने बदलले. फेसबुक आणि व्हॉट्सॲपवरून जाहिरात करून माणशी शुल्क आकारणारे असंख्य आयोजक पुढे आले, खासगी बस थेट पायथ्याशी जाऊ लागली आणि हरिहर, कलावंतीण, कळसूबाई अशा ठिकाणी सुट्टीच्या दिवशी रांगा लागू लागल्या. हरिहरच्या कातळकोरीव जिन्यावर खाली उतरणारे आणि वर चढणारे समोरासमोर येऊन तासन् तास अडकतात, हा धोका तो जिना खोदणाऱ्यांच्या कल्पनेतही नसेल. अधिक तरुण डोंगरात जातात याचे स्वागतच करायला हवे, आणि शुल्क घेणे हा काही अपराध नव्हे; परंतु एकमेकांना न ओळखणारी पन्नास मुले, दोन-चार भटकंतींच्या अनुभवावर नेमलेला विशीतला लीडर, रात्रीच्या प्रवासाने न झालेली झोप आणि ठरलेल्या वेळी ठरलेले छायाचित्र मिळालेच पाहिजे ही अपेक्षा, यांची बेरीज जुन्या शिस्तीला पेलणारी नव्हती. मोबाइलमधील तयार मार्गरेषेमुळे वाटाड्या अनावश्यक वाटू लागला आणि गावाचा तो जुना, न लिहिलेला हजेरीपट बंद पडला.

मुलांना डोंगरात नेण्याचा अधिकार कोणाला असावा, हा प्रश्न ब्रिटनमध्ये एका दुर्घटनेने ऐरणीवर आणला होता. नोव्हेंबर १९७१ मध्ये स्कॉटलंडमधील केर्नगॉर्म पठारावर एडिंबरोच्या शाळकरी मुलांचा एक गट हिमवादळात सापडला, ठरवलेला उंचावरील निवारा त्यांना गाठता आला नाही आणि उघड्यावर काढलेल्या रात्रींत पाच मुले व एक शिकाऊ मार्गदर्शक मरण पावले. झालेल्या न्यायालयीन चौकशीनंतर मुलांच्या गटांसाठी प्रशिक्षित नेतृत्वाचा आग्रह तेथे वाढला आणि ज्यांच्या भरवशावर दुबळे गटही उंचावर जाण्याचे धाडस करतात असे काही निवारे काढून टाकले गेले. महाराष्ट्रात हा प्रश्न जनहित याचिकेच्या वाटेने उच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१४ मध्ये राज्य शासनाने साहसी उपक्रमांसाठी नियम घालणारा निर्णय काढला, त्यातील तरतुदी डोंगरातील वास्तवाशी जुळत नाहीत म्हणून गिर्यारोहकांच्या संस्थांनी त्याला हरकत घेतली, २०१८ मध्ये नवा शासन निर्णय आला आणि २०२१ मध्ये पर्यटन विभागाने जमीन, जल आणि हवा अशा तिन्ही प्रकारच्या उपक्रमांसाठी आयोजकांची नोंदणी सांगणारे साहसी पर्यटन धोरण जाहीर केले. प्रशिक्षित मार्गदर्शक, प्रथमोपचार, विमा, पालकांची संमती आणि आपत्कालीन योजना या गोष्टी त्यामुळे प्रथमच लेखी अपेक्षेच्या रूपात आल्या, आणि हे काम आवश्यकच होते. परंतु या चौकटीचे लक्ष आयोजकाच्या कागदपत्रांवर आहे. पायथ्याच्या गावातील जाणकार माणसाला तिच्यात जेवढे ठोस स्थान मिळायला हवे होते तेवढे मिळालेले नाही.

अपघात झाल्यावर प्रथम जो धावतो तो मात्र गावातील हाच माणूस असतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर वीस जणांचा गट अडकला, तेव्हा त्यांना सोडवण्यासाठी स्थानिक ग्रामस्थ आणि गिर्यारोहकांची पथके यांनाच जावे लागले. जानेवारी २०२० मध्ये अनेक दशके सह्याद्रीत मोहिमा केलेले ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत यांचा त्याच कड्यावर मृत्यू झाला आणि अनुभव हा सुरक्षिततेचा पर्याय होऊ शकत नाही, हे साऱ्या गिर्यारोहण-समाजाला मान्य करावे लागले. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र, खोपोलीची यशवंती हायकर्स, महाबळेश्वर ट्रेकर्स यांसारखी पथके आणि त्यांच्यात समन्वय साधणारे महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर ही महाराष्ट्राची स्वतःची निर्मिती आहे. पगार नसलेले, दिवसा दुकान किंवा नोकरी सांभाळणारे हे तरुण रात्री-अपरात्री दोर घेऊन निघतात. जुलै २०१८ मध्ये आंबेनळी घाटात बस दरीत कोसळली, तेव्हा खोल दरीतून मृतदेह वर आणण्याचे काम त्यांनीच केले. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी ही ठाकरांची वस्ती दरडीखाली गाडली गेली. रस्ता नसल्यामुळे यंत्रे पोहोचू शकली नाहीत, मदतीला चढताना नवी मुंबई अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला, आणि पावसातली ती निसरडी वाट ज्यांना आधीपासून ठाऊक होती ते गिरिभ्रमण-संस्थांचे कार्यकर्ते वर पोहोचणाऱ्या पहिल्या लोकांत होते. तेथे २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसे बेपत्ता राहिली. इर्शाळगडावर जाणाऱ्या मुलांच्या कित्येक पिढ्यांना याच वाडीने पाणी दिले होते आणि वाट दाखवली होती.

या इतिहासावरून निघणारा निर्णय सरळ आहे: सह्याद्रीत नियमपत्र, दोर आणि प्रशिक्षण यांपैकी काहीही गावातील माणसाची जागा घेऊ शकलेले नाही, आणि जबाबदारी जोवर त्याच्या ज्ञानाशी पुन्हा जोडली जात नाही तोवर मुलांचे गट त्याच त्या घळींत सापडत राहतील. शासनाने पायथ्याच्या गावांतील वाटाड्यांना प्रशिक्षण, ओळखपत्र, विमा आणि ठरलेला मेहनताना द्यावा आणि गडावर जाणाऱ्या गटाची नोंद त्या गावातच व्हावी. तोपर्यंत पालकांनी आणि शिक्षकांनी संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी आयोजकाला तीन गोष्टी विचाराव्यात: रांगेच्या सर्वांत मागे कोण चालणार आहे, किती वाजता परत फिरायचे ठरले आहे, आणि गावातून कोण सोबत येणार आहे. या तिन्हींची नावानिशी आणि वेळेनिशी उत्तरे मिळाली नाहीत, तर मुलाला त्या रविवारी घरीच ठेवावे.